नवाबाची, साहेबाची की आजोबांची?

भोपाळात जुनी सायकल बघायला जावं, तर सायकलीच्या आधी तिची वंशावळ बाहेर येते. या शहरात सायकलींची घराणी तीनच. पहिलं नवाबाचं: थेट हमीदुल्ला खाँ यांच्या महालातून निघालेली. दुसरं साहेबाचं: भेलचा कारखाना उभा राहताना ब्रिटनच्या एईआय कंपनीचे जे इंजिनियर इथे आले, त्यांच्यापैकी कुणीतरी मायदेशी परतताना खानसाम्याला बक्षीस दिलेली. आणि तिसरं आम्हा मराठी मंडळींचं: आजोबांची.

आजोबांच्या घराण्याला इतिहासाचा आधार आहे. १ नोव्हेंबर १९५६ ला नवा मध्य प्रदेश झाला, राजधानी भोपाळला आली आणि नागपूरच्या कचेऱ्यांमधले कारकून, हेडक्लार्क फायलींच्या पेट्यांसकट टी. टी. नगरच्या सरकारी क्वार्टरांत येऊन पडले. सोबत पाटा-वरवंटा आला, तांब्याचा बंब आला आणि सायकल आली. इथपर्यंत कुणाचीच हरकत नाही. पण त्यातली एकजात प्रत्येक सायकल १९३० सालची आणि ‘मेड इन इंग्लंड’ असते, तिथे मात्र शंकेला जागा राहते. नवाबसाहेबांचंही तेच. ते पोलो खेळत, क्रिकेट मंडळाचे अध्यक्षही होते. त्यांच्या म्हणून मला आजवर दाखवलेल्या सगळ्या सायकली खऱ्या धरल्या, तर त्यांना घोड्यावर बसायला सवड कधी मिळाली हा प्रबंधाचा विषय आहे.

जुन्या सायकली शोधून पूर्ववत करण्याचा नाद लागला की माणूस लोकांच्या डोळ्यांत बघून बोलायचं सोडतो आणि वाकून त्यांच्या चेनव्हीलकडे बघतो. कारण चेनव्हीलवर कुलचिन्ह असतं. बगळ्याची डोकी दिसली की रॅले. उघडा पंजा दिसला की रज. हातात हात घालून गोल फेर धरलेली माणसं दिसली की हंबर. बंदुकांच्या कारखान्यात जन्मलेल्या बीएसएनं तर तीन बंदुकांची तिकाटी हीच आपली खूण केली. केवढी ही सोय, असं वाटतं खरं. पण चेनव्हील चार आण्यांनी स्वस्त मिळालं म्हणून बदलणारा मालक बर्मिंगहॅमच्या कारखानदारांनी हिशेबात धरलेला नव्हता. मागे काझी कॅम्पाजवळ एक सायकल पाहिली. फ्रेम हर्क्युलिसची, चिमटा फिलिप्सचा, चेनव्हील रॅलेचं, मडगार्ड लुधियान्याचं आणि घंटी नव्हतीच. आघाडी सरकारांनासुद्धा एवढे पक्ष जमवताना घाम फुटतो. मालक म्हणाले, “ओरिजनल है खाँ, हाथ नहीं लगाया.”

विलायतेतल्या शौकिनांचं बरं असतं. त्यांच्या सायकलीला स्टर्मी-आर्चरचा तीन गियरचा हब असतो आणि हबच्या अंगावर सालाचे आकडे ठोकलेले असतात. ५२ दिसलं की १९५२. विषय संपला, चहा प्या. आपल्याकडे गियर घेतला कुणी? तीन गियरच्या पैशात एक शिलाई मशीन येतं, हा हिशेब आजीनं केलेला असायचा आणि आजीच्या हिशेबापुढे नॉटिंगहॅमचं काय चालणार? श्यामला हिल्सचा चढ आला की आजोबा उतरून चालत. तोच त्यांचा दुसरा गियर.

मग उरतात बारीकसारीक पुरावे. निकेलची चमक जराशी पिवळट असते, क्रोमची निळसर. क्रोम साधारण १९३० च्या आसपास आलं. हँडल, रिम सगळंच काळं रंगवलेलं असेल तर युद्धकाळाचा संशय घ्यावा, कारण तेव्हा निकेल-क्रोम तोफांकडे गेलं होतं. मागच्या मडगार्डाच्या शेपटीवरचा पांढरा पट्टा तर थेट लंडनच्या ब्लॅकआउटची आठवण करून देणारा. तो दिसला की मी उगाचच आवाज खाली करून बोलतो. नगरपालिकेचा सायकल-कराचा बिल्ला कुठे अडकलेला सापडला तर देव पावला. त्यावर बहुधा सालच असतं आणि कर भरल्याचा पुरावा कुणी हौसेनं खोटा करत नाही.

पण या सगळ्या शास्त्राहून पक्के आमचे इतवाऱ्यातले मिस्त्री. त्यांना ना हब लागतो ना बगळा. ते सायकल उलटी करतात, क्रँकची कॉटर पिन हातोडीच्या दोन ठोक्यांत उडवतात, एक्सल काढतात, छर्रे वाटीत ओततात आणि बाजारातला एक्सलचा साधा कप फ्रेमला लावून बघतात. फिरला तर बाकी कुणीही. अडला तर रॅले. याला कारण आहे. इतर इंग्लिश कंपन्या या कपाला इंचामागे २४ आटे पाडत, तेव्हा रॅले आपल्या तोऱ्यात २६ पाडायची. “मोनोग्राम झूठ बोल सकता है खाँ,” मिस्त्री कप पुसत म्हणतात, “चूड़ी नहीं बोलती.”

आमच्या शेजारच्या काकांची सायकल याच मिस्त्रींकडे नेली. काकांच्या म्हणण्याप्रमाणे ती रॅले, अस्सल विलायती, त्यांच्या वडिलांना १९३८ च्या लग्नात नागपुरात मिळालेली. शिवाय बेचाळीसच्या चळवळीत वडिलांनी याच सायकलवरून पत्रकं वाटली. हेडवरचा बिल्ला चंदेरी रंगाच्या थरांखाली गाडला गेला होता. काकांच्या घरी दर दिवाळीला खिडक्यांचे गज रंगवून उरलेला रंग सायकलला फासायची पद्धत. मिस्त्रींनी चिंधी थिनरमध्ये बुडवली. आधी चंदेरी गेला, मग हिरवा, मग पुन्हा चंदेरी. बगळ्याची मान दिसू लागली तशी काकांचीही ताठ झाली. चिंधी अजून जरा खाली सरकली आणि अक्षरं उमटली: सेन-रॅले.

सेन-रॅले म्हणजे आसनसोल. सुधीरकुमार सेन यांनी रॅलेशी भागीदारी करून काढलेला कारखाना, आणि तिथली सायकल बाजारात आली ती स्वातंत्र्यानंतर, १९५० च्या दशकात. म्हणजे लग्नानंतर निदान बारा वर्षांनी. दुकानात शांतता पसरली. मिस्त्री उगाच एका स्पोकशी चाळा करू लागले. काकांनी बिल्ल्याकडे एकदा, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाले, “मी म्हणतच होतो. वडील कट्टर स्वदेशी! विलायती वस्तूला शिवायचे नाहीत.”

“आणि बेचाळीसची पत्रकं?”

“ती पायी वाटली.”

मला विचाराल तर काकांची स्वदेशी सायकल नुसत्या विलायतीपेक्षा जास्त मोलाची आहे. १९४९ ला मद्रासजवळ अंबत्तूरला टीआय, १९५१ ला सोनिपतला ॲटलस, १९५६ ला लुधियान्याला हीरो. देशाला सायकलवर बसवलं ते या मंडळींनी, नॉटिंगहॅमनं नव्हे. पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांचं सायकलींचं संग्रहालय आहे. तिथे महायुद्धात पॅराशूटनं उतरणाऱ्या सैनिकांसाठी बीएसएनं केलेली घडीची सायकल बघायला लोक गर्दी करतात आणि ते रास्तच आहे. पण टी. टी. नगरच्या जिन्याखाली पडलेली सेन-रॅले रोज दहा ते पाच सचिवालयाला गेली होती, तेही फाटक्या टायरला गेटर लावून. पॅराट्रूपरनं हे करून दाखवावं.

तेव्हा एक विनंती. घरातली जुनी सायकल झळकवायची असेल तर पावडर कोटिंगवाल्याकडे नेण्याआधी सीटखालचा नंबर, हेडचा बिल्ला आणि उरलासुरला मूळ रंग यांचे फोटो काढून ठेवा. भट्टीतून आलेली सायकल नवीकोरी दिसते आणि तिचं साल कायमचं जातं. आणि कुणाच्या माळ्यावर वरळीला बनलेली हिंद सायकल असेल, तर रंगाऱ्याच्या आधी मला कळवा. आजोबांची गोष्ट पूर्ण ऐकून घेईन. थिनर मी आणतो.