कारण : इतर

पगारातून कपात व्हायला आपण मराठी माणसं कधी कचरलेलो नाही. प्रॉव्हिडंट फंड जातो, प्रोफेशनल टॅक्स जातो, घराचा हप्ता जातो. उरलेलं हातात पडलं की महिना सुरू. उलट ज्याच्या पगारातून काहीच कापलं जात नाही त्याच्याकडे आमच्या घाटकोपरच्या भटवाडीत जरा संशयानेच बघतात. याला कुणी कर्ज देत नाही की काय? पण कपात कशासाठी, याला प्रतिष्ठेची उतरंड आहे. घरासाठी असेल तर माणूस मार्गी लागला. मोटारीसाठी असेल तर पुढे गेला. मुलाच्या इंजिनिअरिंगसाठी असेल तर बिचारा करतोय. सायकलसाठी आहे म्हटलं की लोक आधी तब्येत विचारतात, आणि मग आवाज खाली आणून, ‘नोकरी ठीक आहे ना?’

मला सायकल हवी होती ती साकीनाक्याच्या ऑफिसात जाण्यासाठी. घाटकोपरहून मेट्रोने जेमतेम तिसरं स्टेशन : जागृतीनगर, असल्फा, साकीनाका. ८ जून २०१४ ला ही मेट्रो सुरू झाली तेव्हा आमच्या चाळीत पेढे वाटले होते. वर्सोव्याहून ११.४ किलोमीटर येऊन ती आमच्या दारात संपते, म्हणजे सकाळी ती आमच्याच दारातून सुटणार आणि आम्हाला बसायला मिळणार, असा हिशोब होता. प्रत्यक्षात कल्याण-ठाण्याहून लोकलने आलेली निम्मी मध्य रेल्वे त्याच जिन्यावर चढते, आणि ज्यांचं घर स्टेशनापासून चालत दहा मिनिटांवर ते रांगेच्या शेपटाला. रिक्षा करावी तर घाटकोपर-अंधेरी लिंक रोडवर मीटर तेवढं पळतं, रिक्षा जागची हलत नाही.

निमित्त मिळालं ते जागतिक सायकल दिनाचं. संयुक्त राष्ट्रांनी २०१८ साली ३ जून हा दिवस सायकलीला दिला. (आपल्याकडे अ‍ॅटलास कंपनीने साहिबाबादचा सायकल कारखाना बंद केला तोही ३ जूनलाच, २०२० साली. मुहूर्त साधावा तर आपण.) २०२५ च्या ३ जूनला आमच्या एचआरने सगळ्यांना मेल पाठवला. चाकातून पालवी फुटल्याचं हिरवं चित्र, त्याखाली पृथ्वी वाचवण्याचं आवाहन, त्याखाली टी-शर्टचं माप कळवण्याची विनंती. त्याच आठवड्यात लंडन ऑफिसातला एक सहकारी व्हिडिओ कॉलवर हेल्मेटसकट प्रकटला. सायकल त्याला कंपनीने घेऊन दिली होती. ब्रिटनमध्ये १९९९ पासून ही सोय आहे. मालकाने सायकल विकत घ्यायची, कर्मचाऱ्याला वापरायला द्यायची आणि पैसे दरमहा पगारातून कापायचे, तेही कर लागण्याच्या आधी. जर्मनीत कंपनीच्या मोटारीला असलेली करसवलत २०१२ साली सायकलीलाही मिळाली. म्हटलं, कंपनी एक, लोगो एक, टी-शर्टचं कापडसुद्धा एक. मग आपण काय घोडं मारलंय?

एचआरमधल्या मुलीने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. तिच्या पडद्यावर फ्लेक्सी बेनिफिटची यादी होती : कार लीज, पेट्रोल, ड्रायव्हरचा पगार, जेवणाची कुपनं. तिने यादी वरून खाली, खालून वर फिरवली.

‘सर, तुम्ही कारच का नाही घेत? सायकलपेक्षा सोपं पडेल.’

मला थट्टा वाटली. पण अकाउंट्समधल्या जुन्याजाणत्या गृहस्थांनी कॅल्क्युलेटर पुढे ओढला तेव्हा कळलं की पोरगी सोळा आणे खरं बोलत होती. कंपनीची मोटार कामालाही वापरली आणि सासुरवाडीलाही नेली, तर आयकराच्या तेव्हाच्या नियमात १.६ लिटरपर्यंतच्या इंजिनाला कर्मचाऱ्याचा फायदा धरायचा महिना १,८०० रुपये. मोटार मग बारा लाखांची का असेना. ड्रायव्हर असला तर आणखी ९००.

‘आणि सायकल?’

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. सायकलीला इंजिन नाही, तेव्हा ती मोटारीच्या पोटनियमात बसत नाही. ती ‘इतर जंगम वस्तू’. म्हणजे कंपनीने घरी वापरायला दिलेला सोफा, फ्रीज, टीव्ही यांच्या पंगतीत. तिथे वर्षाला किमतीच्या १० टक्के. मी पसंत केलेली सायकल होती १८,०००ची, म्हणजे फायदा वर्षाला १,८०० रुपये.

‘आकडा तोच आला बघा,’ ते खुशीत म्हणाले. ‘मोटारीला महिन्याचा, तुम्हाला वर्षाचा. पण टक्क्यात बघाल तर बारा लाखांच्या मोटारीवर वर्षाला दोन टक्केसुद्धा पडत नाहीत. तुमच्यावर दहा.’

आणि ही दहा टक्क्यांची चैनही मला परवडूनसुद्धा मिळणार नव्हती, कारण पगाराच्या सॉफ्टवेअरमध्ये सायकलीचा रकाना नव्हता. कायद्याचा विरोध नव्हता. कायदा एक वेळ वाकेल, रकाना नाही.

घरी वडिलांना सांगितलं. वडील टपाल खात्यातले, आयुष्यभर पोस्टमन. ‘सायकलला अग्रिम देत नाहीत? आणि म्हणे परदेशी कंपनी!’ ज्या नोकरीत सण अग्रिम आणि सायकल अग्रिम नाही ती त्यांच्या लेखी नोकरी नव्हेच, रोजंदारी. त्यांनी सरकारकडून रक्कम उचलून सायकल घेतली आणि पगारातून हप्त्याहप्त्याने फेडली. सायकल होती हिंद कंपनीची, आपल्या वरळीच्या कारखान्यातली, आणि तो कारखानाही १९८० साली सरकारजमा झालेला. सायकल सरकारी, अग्रिम सरकारी, थैलीतली पत्रं सरकारी. पायडल तेवढं माझं होतं, असं ते म्हणतात.

या अग्रिमाची एक खुबी मला त्यांच्याकडूनच कळली. त्याला पगाराची वरची मर्यादा होती. त्या मर्यादेच्या खाली आहात तोवर सरकार तुम्हाला सायकल घ्यायला पैसे देणार. बढती मिळून वर गेलात की हक्क संपला. हा आता साहेब झाला, पायडल मारणार नाही, हे सरकारने परस्पर ठरवून टाकलेलं. मला वाटतं, एचआरच्या यादीत सायकल का नाही याचं उत्तर इथेच आहे. आपल्याकडे सायकल ही चढायची वस्तू नसून उतरायची आहे. सातव्या वेतन आयोगानंतर २०१६ साली केंद्राने सायकल, सण, गरम कपडे असले बिनव्याजी अग्रिम गुंडाळले. सायकल भत्ता मात्र पोस्टमन आणि रेल्वेचे ट्रॅकमन यांच्यासाठी राहिला, आणि २०१७ साली महिना ९० रुपयांचा १८० झाला. ‘दुप्पट!’ वडील अजून अभिमानाने सांगतात. मोटारीच्या १,८००चा तो बरोबर दहावा हिस्सा होतो, हे मी त्यांना सांगितलेलं नाही.

वाट सापडली ती कॅन्टीनच्या मागच्या खोलीत. आमच्या ऑफिसच्या जागी पूर्वी कारखाना होता. लेथ भंगारात गेल्या, भोंगा गेला, युनियन आटली. कर्मचाऱ्यांची पतपेढी तेवढी टिकली. गुरुवारी संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर तासभर उघडते. आत लोखंडी कपाट, त्यावर गणपती, टेबलाशी डिस्पॅचमधले चिटणीस.

‘किती हवेत?’

‘अठरा हजार.’

‘अठराच? पन्नास घ्या, फॉर्म तोच आहे.’ मी नको म्हटल्यावर त्यांनी ‘कर्जाचे कारण’ या ओळीवर बोट ठेवलं. घरदुरुस्ती, लग्नकार्य, शिक्षण, आजारपण, वाहन, इतर. मी ‘वाहन’वर खूण केली. ती त्यांनी खोडली. ‘वाहन म्हटलं की कमिटी कोटेशन मागते, आरसी बुक मागते. इतर लिहा.’ सभेच्या वेळी हिशोबनिसांनी ते पुन्हा वाहनात टाकलं, पण ती भानगड पुढची.

हप्ता कापून घ्यायला एचआर तयार होईल का, अशी शंका मी काढली. चिटणीस हसले. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६०, कलम ४९. सभासदाने लिहून दिलं की संस्थेचे पैसे पगारातून कापून भरायला मालक बांधील. कलम त्यांना तोंडपाठ होतं. कपाटावरच्या गणपतीची आरती त्यांना इतकी येत नसावी. आणि खरोखरच, ज्या सॉफ्टवेअरला सायकल ठाऊक नव्हती त्यात ‘सोसायटी’ असा रकाना निघाला. तो कुणी घातला हे कुणाला माहीत नव्हतं आणि काढायची कुणाची छाती नव्हती. कर वाचणार नव्हता, हे खरं. पण लंडनवाल्याला वर्षाकाठी लाभांश आणि भेटवस्तू कुठे मिळते?

दोन जामीनदार लागत होते. डिझाइनमधल्या एका पोराने मोबाइलवरून नजर न उचलता सही ठोकली. दुसरे स्टोअर्समधले काका, निवृत्तीला आलेले. त्यांनी फॉर्म शेवटपर्यंत वाचला, मागची बाजूही वाचली. मग म्हणाले, ‘म्हणजे तू लिंक रोडवर सायकल चालवणार आणि तुझं काही बरंवाईट झालं तर हप्ते मी भरणार.’ इतक्या नेमक्या शब्दांत जामीनकी मला आजवर कुणी समजावली नव्हती. सही त्यांनी केली, पण दुसऱ्या दिवशी टेबलावर हेल्मेट आणून ठेवलं. ‘कर्ज फिटेपर्यंत डोक्यावरून काढायचं नाही. नंतर तुझं तू बघ.’

सायकल लालबहादूर शास्त्री मार्गावरच्या दुकानातून घेतली. विक्रेत्याने पहिला प्रश्न विचारला, ‘मुलाचं वय काय?’ ते मिटल्यावर पुढचं सगळं बिनबोभाट झालं.

खरी परीक्षा ऑफिसच्या पार्किंगमध्ये झाली. स्टिकरच्या अर्जात गाडीचा नंबर, विमा आणि पीयूसी हे तीन रकाने भरल्याशिवाय फाटक उघडत नाही. वॉचमन नियमाचा पक्का. त्याने सायकल आडवी करायला लावली, खाली उकिडवा बसला, दोन पायडलींच्या मधल्या नळीखाली अंगठ्याने चिखल पुसला आणि सांगाड्यावर ठोकलेला नंबर एकेक अक्षर वाचत वहीत उतरवला. विम्यापुढे फुली मारली. पीयूसीपाशी पेन थांबलं. त्याने सायकलीकडे पाहिलं, मग धापा टाकणाऱ्या माझ्याकडे पाहिलं. ‘साहेब, ही तुमची काढावी लागेल.’

दोष असल्फ्याच्या चढाचा. वर मेट्रोचा पूल, बाजूला रंगवलेल्या घरांची टेकडी आणि मध्ये मी. या रस्त्यावरचे खरे सायकलस्वार वेगळेच : पाववाले, रात्रपाळी संपवून निघालेले सुरक्षारक्षक. एकदा अंड्यांचे ट्रे कॅरिअरवर छातीइतके रचून, ट्यूबच्या रबराने आवळलेला एक गडी मला मागे टाकून गेला. त्याच्या सायकलीला गिअर नव्हता. जाता जाता मान वळवून म्हणाला, ‘साब, हलका डालो, हलका!’ मी हलका टाकला. एक अंडं न हलवता तो वळणाआड गेला.

महापालिकेने तानसा जलवाहिनीच्या कडेने ३९ किलोमीटरचा सायकल ट्रॅक आखला होता; मुलुंड ते शीव, आणि घाटकोपरहून सहारकडे एक फाटा. तो फाटा माझ्यासाठी इतका सोयीचा आहे की त्याचा नकाशा मी फोनमध्ये जपून ठेवलाय. बसच्या मागे अडकलो की काढून बघतो. वांद्रे-कुर्ला संकुलात सायकलमार्ग नुसता आखला नाही, बांधलाही. मग त्यावर गाड्या उभ्या राहू लागल्या, आणि शेवटी गाड्यांना जागा पुरत नाही म्हणून तो उखडायचं ठरलं. त्या मानाने आमचा कागदावरचा ट्रॅक सुस्थितीत आहे. त्यावर एकही खड्डा नाही.

सहकार कायद्याप्रमाणे वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत उरकावी लागते, म्हणून आमची शेवटच्या आठवड्यात भरली. अहवालासोबत चालू कर्जांचा तक्ता होता आणि त्यात एक ओळ : वाहन कर्ज, सभासद १. मागून आवाज आला, ‘कुठली गाडी घेतली?’ चिटणिसांनी सांगितलं. हशा झाला. एका जुन्या सभासदाने तारण काय घेतलं, असा लेखी खुलासा मागितला. काका उभे राहिले. ‘तारण म्हणून हेल्मेट आहे आणि ते माझं आहे,’ म्हणाले, आणि बसण्याऐवजी माझ्याकडे वळले. २२ सप्टेंबरपासून सायकलीवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला होता. त्यांनी पाठकोऱ्या कागदावर गणित मांडून आणलं होतं. अठरा हजारांत अकराशे पंचवीस रुपयांचा फरक. जामीनदाराला विचारून घेतली असती तर, असं त्यांचं म्हणणं सभेच्या इतिवृत्तात नोंदवलं गेलं.

त्यानंतर सभासदांना यंदा भेटवस्तू काय द्यायची यावर पाऊण तास चर्चा झाली. अर्धी सभा कॅसेरोलच्या बाजूने, अर्धी बेडशीटच्या. मी सायकलचा मागचा लाल दिवा सुचवला. अनुमोदक मिळाला नाही.