सर्व हक्क आप्पांकडे

पुण्याहून पौडकडे जाताना पिरंगुट मागे पडलं की कासार आंबोली लागते. तिथे रस्त्याच्या कडेला आप्पांचं फ्लेक्सचं दुकान आहे. पाटीवर दुकानाच्या नावापेक्षा 'डिझाईन कॉपी करू नये' हीच ओळ ठसठशीत.

आप्पांच्या हातून निघालेल्या प्रत्येक फ्लेक्सच्या कोपऱ्यात 'संकल्पना, चारोळी व मांडणी : आप्पा. सर्व हक्क सुरक्षित' असतंच. वाढदिवस असो, जत्रा असो, भावी सरपंच असो. एकदा तर 'भावपूर्ण श्रद्धांजली'खालीही तेच छापून गेलं. दशक्रियेच्या दिवशी थोरला मुलगा दुकानात आला. म्हणाला, "आप्पा, वडील आमचे आन् हक्क तुमचे?"

कायदा मात्र आप्पांना तोंडपाठ. 1957चा कॉपीराइट कायदा, नोंदणीची गरज नाही, कलम 57 प्रमाणे हक्क विकले तरी लेखकाचा नावावरचा दावा जात नाही. यात एक अक्षर चुकीचं नाही. घोटावडे फाट्याकडच्या कुणा पोराने त्यांची चारोळी उचलली, तेव्हा आप्पांनी पुरावाही बिनतोड दिला. 'शुभेच्छूक' दीर्घ होतं. "ही चूक माझीये! अख्ख्या मुळशीत अशी चूक दुसरा कोण करतो, दाखवा!"

आता आप्पांचा कच्चा माल. मागचा सह्याद्री कुणाच्या तरी इन्स्टाग्रामवरचा, सिंह गूगलचा, सुलेखन टेलिग्रामवर फुकट फिरणाऱ्या फाइलमधलं, आणि हे सगळं ज्यात जुळवायचं ते कोरलड्रॉ क्रॅक केलेलं. विचारलं तर म्हणतात, "नेटवरचं म्हणजे गायरान हो, कुणाचीबी जनावरं चरत्यात." आपल्या चारोळीभोवती मात्र काटेरी कुंपण.

मुळशी सत्याग्रहाच्या एका फ्लेक्सवर त्यांनी त्या लढ्याचे नेते सेनापती बापट यांची कविता टाकली आणि खाली लिहिलं 'कवी : अज्ञात'. तेही मुळशीत! मी म्हटलं, "आप्पा, बापट गेले 1967ला. मृत्यूनंतर 60 वर्षं, म्हणजे 2027 संपेपर्यंत हक्क शाबूत आहेत."

"मग 2028पासून बिनघोर लावू."

"अहो, नाव तरी घाला."

"नावाला जागा कुठाय? शुभेच्छुकच बेचाळीस हायेत."

हिंजवडीत नोकरी करणाऱ्या भाच्याने त्यांना मॅस्टोडॉनचं वेड लावलं. 2016 साली सुरू झालेलं हे सोशल मीडियाचं जाळं. एक कंपनी त्याची मालक नाही, हजारो सर्व्हर, ज्याचा त्याने चालवायचा. मालकच नाही म्हटल्यावर चोरी कसली, या हिशेबाने आप्पांनी सगळे फ्लेक्स तिकडे चढवले. महिन्याभरात एक फ्लेक्स परक्या सर्व्हरवर सापडला, कोपरा कापलेला. आप्पा खवळले. "तक्रार कुणाकडं करायची? हेड ऑफिस कुठंय?"

"हेड ऑफिस नाहीच, मामा. तुम्ही पोस्ट उडवली तर आपला सर्व्हर बाकीच्यांना 'तुम्हीपण उडवा' असा निरोप धाडतो. तो ऐकायचा का नाही, ज्याची त्याची मर्जी. आणि ह्यानं तर वेगळी पोस्ट केलीये, तिला तो निरोपबी लागू नाही. त्या सर्व्हरवाल्यालाच लिहा."

आप्पांनी कलम 57 सकट दोन पानी पत्र सांगितलं, भाच्याने इंग्रजी करून पाठवलं. सर्व्हरवाला निघाला जर्मनीतला, सज्जन. त्याने पोस्ट लगेच उतरवली, दिलगिरी व्यक्त केली आणि शेवटी नम्रपणे विचारलं : चारोळी आपली, हे मान्य; पण मागचा सिंह कोणाचा?

दोन दिवस आप्पा कुणाशी धड बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी ग्रामपंचायतीसमोर दहा बाय आठचा नवा फ्लेक्स लागला. मी मुद्दाम जवळ जाऊन कोपरा वाचला : 'सर्व हक्क सुरक्षित (सिंह वगळून)'.