उरलेल्या नव्व्याण्णवांचं काय?

मार्च उजाडला की अमेरिकेत कॉलेजचे ६८ बास्केटबॉल संघ तीन आठवडे एकमेकांना भिडतात. हरला तो घरी. शेवटच्या सेकंदाला फेकलेला चेंडू रिंगवर गरगरतो, आत पडतो आणि एकवीस वर्षांचं पोर रातोरात देशभर माहीत होतं. आपल्याकडचीही पोरं ते मोबाइलवर बघतात आणि कोण एनबीए या व्यावसायिक लीगच्या कुठल्या संघात जाणार यावर भांडतात.

एप्रिलमध्ये त्याच पोराला घरचे विचारतात, आता पुढे काय?

कॉलेजच्या खेळांचा कारभार एनसीएए ही संस्था बघते. तिच्या सदस्य कॉलेजांतून अठरा हजारांवर मुलगे बास्केटबॉल खेळतात. एनबीएचे संघ तीस, ड्राफ्टच्या म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीच्या फेऱ्या दोन, म्हणजे वर्षाला जागा साठ. त्यातही युरोपातले खेळाडू वाटेकरी. एनसीएएच्याच हिशेबाने ड्राफ्टला पात्र ठरलेल्या कॉलेजकुमारांत निवड होते शंभरात जेमतेम एकाची.

हे गणित पाचवीतल्या मुलालाही कळतं. मग मुलाला आपल्या कॉलेजात न्यायला आलेला कोच त्याच्या आईसमोर बसून त्या एकाबद्दलच का बोलतो?

मुलींचं तर त्याहून कठीण. २०२४ साली डब्ल्यूएनबीए या महिलांच्या लीगमध्ये बारा संघ होते आणि प्रत्येकात जास्तीत जास्त बारा खेळाडू. एनसीएएच्या वरच्या श्रेणीत सर्वाधिक गुणांचा विक्रम करणारी केटलिन क्लार्क त्या वर्षी पहिल्या क्रमांकाने निवडली गेली. तिचा पहिल्या वर्षाचा पगार ७६,५३५ डॉलर होता. पहिलीचा हा पगार, तर चाळिसावीने काय करायचं?

आता एड ओबॅननची गोष्ट ऐका. १९९५ साली यूसीएलए विद्यापीठ राष्ट्रीय विजेतं झालं ते याच्या जोरावर. अंतिम सामन्यात ३० गुण, १७ रिबाउंड. स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू तोच. ड्राफ्टमध्ये नववा. म्हणजे शंभरातला एक.

एनबीएत तो टिकला दोन मोसम.

मग परदेशातले क्लब झाले. तिशी उलटली, खेळ संपला. ओबॅनन लास व्हेगसच्या बाजूला टोयोटाच्या शोरूममध्ये मोटारी विकू लागला. घर चालवलं, मुलं वाढवली. याला अपयश म्हणणाऱ्याने आधी स्वतःच्या नोकरीकडे बघावं.

एके दिवशी तो एका मित्राकडे गेला. मित्राचा मुलगा व्हिडिओ गेम खेळत होता. पडद्यावर यूसीएलएचा १९९५चा संघ. त्यातला एक खेळाडू उंच, टकला, डावखुरा, अंगात ३१ नंबरची जर्सी. ओबॅनन स्वतःलाच बघत होता. फक्त नाव लिहिलेलं नव्हतं. त्या गेमचे पैसे कॉलेजच्या खेळाचा कारभार बघणारे घेत होते, कंपनी घेत होती. ज्याचं अंग, ज्याचा हात, त्याला दमडी नाही.

२००९ साली त्याने खटला भरला. २०१४ साली निकाल त्याच्या बाजूने लागला. मोटारी विकणाऱ्या माणसाने एनसीएएला कोर्टात खेचलं. यूसीएलएचं विजेतेपद मोठं खरं, पण पुढच्या पोरांच्या कामी आला तो हा खटला. जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावाचे आणि चेहऱ्याचे पैसे घेता येऊ लागले. जून २०२५ मध्ये मंजूर झालेल्या समझोत्यानंतर कॉलेजं थेट खेळाडूंना पैसे देऊ शकतात; पहिल्या वर्षी ही मर्यादा एका कॉलेजमागे सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर होती.

इतकी वर्षं हे अडलं कशावर होतं? एका जोडशब्दावर. ‘विद्यार्थी-खेळाडू’.

१९५५ साली कोलोरॅडोतल्या एका कॉलेजचा फुटबॉलपटू सामन्यात डोक्याला मार लागून गेला. त्याच्या बायकोने कामगाराच्या वारसाला मिळते ती भरपाई मागितली. खेळाडू हा कॉलेजचा कामगार ठरला तर महागात पडेल, हे एनसीएएच्या ध्यानात आलं. वॉल्टर बायर्स हे तेव्हा संस्थेचे प्रमुख. त्यांच्या काळात हा जोडशब्द घडवला गेला आणि सगळीकडे सक्तीने वापरला गेला. निवृत्तीनंतर १९९५ साली बायर्स यांनीच पुस्तक लिहून या व्यवस्थेवर कोरडे ओढले.

पोरगं विद्यार्थी आहे म्हणून पगार नाही, हे एक वेळ मान्य करू. मग त्याला शिकवा तरी!

केव्हिन रॉस ओमाहाच्या क्रेटन विद्यापीठात १९७८ ते १९८२ खेळला. प्रवेश परीक्षेत त्याला ३६ पैकी ९ गुण होते. त्याला घेतलं, कारण तो उंच होता आणि खेळायचा. चार वर्षांत त्याने जे विषय घेतले त्यात नेमबाजी होती आणि ‘बास्केटबॉलचा सिद्धान्त’ही होता. पदवीला १२८ क्रेडिट लागत होते, याच्याकडे जमले ९६. चार वर्षं सरली, खेळायची मुदत संपली. वाचायची कुवत सातवीतल्या मुलाइतकी आणि भाषा चौथीतल्या मुलाइतकी. हे सगळं कोर्टाच्या निकालपत्रात नोंदलेलं आहे.

पुढे त्याने काय केलं असेल?

तो शाळेत गेला. शिकागोत मार्वा कॉलिन्स या शिक्षिकेची नावाजलेली खासगी शाळा होती. कॉलेजची चार वर्षं संपलेला हा आडदांड तरुण तिथे लहान मुलांच्या शेजारी बाकावर बसून वाचायला शिकला. लाज वाटली असेल? वाटलीच असेल. तरीही बसला. मला विचाराल तर अमेरिकी कॉलेज बास्केटबॉलच्या इतिहासात इतकं धाडसाचं दुसरं काही घडलेलं नाही. नंतर त्याने विद्यापीठावर दावा लावला. वाईट शिकवलं एवढ्यावर भरपाई देता येत नाही, असं कोर्टाने १९९२ साली सांगितलं. मात्र कबूल केलेली मदत दिलीच नसेल तर करारभंगाचा दावा चालेल, एवढं दार उघडं ठेवलं.

ही जुनी गोष्ट झाली, आता सुधारणा झाल्या असतील, असं वाटतं ना?

नॉर्थ कॅरोलायना हे मायकेल जॉर्डनचं विद्यापीठ. तिथे १९९३ ते २०११ या काळात एका विभागात असे वर्ग चालले ज्यांचा तासच होत नव्हता. शेवटी एक निबंध द्यायचा आणि भरघोस गुण घ्यायचे. २०१४च्या चौकशी अहवालाप्रमाणे ३,१०० विद्यार्थ्यांनी असे वर्ग घेतले आणि त्यांत जवळजवळ निम्मे खेळाडू होते. एनसीएएने २०१७ साली याबद्दल शिक्षा दिली नाही. कारण काय, तर हे वर्ग खेळाडूंसाठी राखीव नव्हते, कुणालाही घेता येत होते. मुलांना फसवलं त्याबद्दल शिक्षा नाही, कारण सगळ्यांनाच फसवलं.

शिक्षा झाली ती कनेटिकट विद्यापीठाला. २०११चे विजेते. अभ्यासातली कामगिरी ठरलेल्या रेषेखाली गेली म्हणून २०१३च्या स्पर्धेतून बाहेर. पुढच्याच वर्षी परत आले आणि विजेते झाले. म्हणजे खेळ आणि अभ्यास दोन्ही जमवायचं म्हटलं तर जमतं. पण बडगा उगारल्याशिवाय कुणी म्हणत नाही.

बडग्याची भाषा करणारा माणूसही बास्केटबॉलचाच होता. आर्न डंकन, हार्वर्डच्या संघाचा कर्णधार. कॉलेजनंतर ऑस्ट्रेलियात काही वर्षं खेळला, शिकागोच्या सरकारी शाळांचा कारभार पाहिला, २००९ साली ओबामांचा शिक्षणमंत्री झाला. ज्या संघातली चाळीस टक्के मुलंही पदवीधर होत नाहीत त्याला स्पर्धेत घेऊ नका, असं त्याने मंत्री असताना स्पष्ट सांगितलं. एनबीए हुकलेला माणूस मंत्री होतो. पण बातमीत नेहमी ‘माजी खेळाडू’ हे आधी येतं आणि शिक्षण मागून.

बाकीचे काय करतात? कुणी शाळेत पीटी घेतो, संध्याकाळी संघाला शिकवतो. कुणी विमा, औषधं नाहीतर घरं विकतो. कुणी जपान, फिलिपाइन्स, तुर्कस्तानात खेळतो आणि पगार वेळेवर येईल का याची चिंता करतो. थकलेल्या पगाराची भांडणं इतकी, की ‘फिबा’ या बास्केटबॉलच्या जागतिक संघटनेने त्यासाठी वेगळा लवाद उभारलाय.

कुणी अंधाऱ्या खोलीत बसून टेप कापतो. एरिक स्पोल्स्ट्रा पोर्टलंड विद्यापीठाचा गार्ड. जर्मनीत खालच्या दर्जाच्या क्लबात दोन वर्षं खेळला. १९९५ साली मायामी हीटच्या व्हिडिओ खोलीत लागला. प्रतिस्पर्ध्यांचे सामने बघायचे, हवे तेवढे तुकडे कापून कोचला द्यायचे. तेरा वर्षांनी तोच त्या संघाचा मुख्य कोच झाला. २०१२ आणि २०१३ सालचं विजेतेपद त्याच्या हाताखाली आलं. अशी तेरा वर्षं काढायची तयारी किती जणांची असते?

आता १९६६चा टेक्सास वेस्टर्न कॉलेजचा संघ घ्या. अंतिम सामन्यात पाचही काळे खेळाडू सुरुवातीलाच उतरवले आणि केंटकीच्या गोऱ्या संघाला ७२-६५ हरवलं. अमेरिकेच्या वंशभेदाच्या इतिहासात हा सामना शिकवला जातो. त्यावर सिनेमा निघाला. सिनेमाची कथा त्या विजयापाशी संपते.

माणसं पुढे जगली. ऑर्स्टेन आर्टिस इंडियानातल्या गॅरी शहरात पोलिसात गेला आणि डिटेक्टिव्ह म्हणून निवृत्त झाला. बॉबी जो हिल एल पासोच्या नैसर्गिक वायू कंपनीत नोकरीला. विली वर्स्लीने न्यूयॉर्कमध्ये शाळेच्या पोरांना खेळ शिकवला. हॅरी फ्लोर्नॉयने शिक्षकी केली आणि मग कित्येक वर्षं पाव बनवणाऱ्या कंपनीच्या विक्रीत काढली. एनबीएच्या कोर्टावर त्यांच्यातला एकटा डेव्हिड लॅटिन उतरला. इतिहास घडवून झाल्यावर पाव विकायचा. घरभाडं कुणाला चुकलंय?

हे कुणीही वाया गेलेले नाहीत. वाया जातो तो, ज्याच्याकडून चार वर्षं घाम काढून घेतला आणि हातात काहीच ठेवलं नाही.

हातात ठेवणारे कोचही असतात. पॅट समिट यांनी १९७४ ते २०१२ टेनेसी विद्यापीठाच्या मुलींना शिकवलं. १,०९८ विजय, आठ राष्ट्रीय विजेतेपदं. मुलींनी वर्गात पहिल्या तीन रांगांत बसायचं, तास बुडवायचा नाही, हा त्यांचा नियम. त्यांच्या संघात खेळण्याची पूर्ण मुदत काढलेली प्रत्येक मुलगी पदवीधर झाली. प्रत्येक. अडतीस वर्षं. एका बाईंना जमलं ते कोट्यवधी कमावणाऱ्या कोचांना का जमू नये?

आता नवं संकट. एप्रिल २०२४ पासून खेळाडूंना हवं तितक्या वेळा कॉलेज बदलता येतं, मध्ये एक वर्ष बाहेर बसावं लागत नाही. जास्त पैसे देईल तिकडे मुलगा जातो. जावं, कोचही तेच करतात. पण एका कॉलेजचे क्रेडिट दुसरं कॉलेज सगळेच्या सगळे धरत नाही. चार वर्षांत चार कॉलेजं, आणि पदवी कुठलीच नाही. यातल्या मोजक्यांकडे पैसे असतील. बाकीच्यांकडे चार जर्सी असतील.

गुडघ्याचंही बोलू. ऑगस्ट २०२४ पासून वरच्या श्रेणीतल्या कॉलेजांनी खेळातल्या दुखापतीचा खर्च कॉलेज सोडल्यावर किमान दोन वर्षं करायचा असा नियम आला. आधी सगळ्यांसाठी तोही नव्हता. पण विशीत फाटलेला गुडघा चाळिशीत कुरकुरतो. दोन वर्षं कुठे पुरणार?

हे सगळं सातासमुद्रापारचं, आपल्याला काय त्याचं, असं कुणी म्हणेल. पण एनबीएतल्या सॅक्रामेंटो किंग्जचे मालक विवेक रणदिवे मुंबईत जन्मलेले. त्यांच्याच संघातून २०१५ साली सिम भुल्लर एनबीएत उतरला. कॅनडात वाढलेला, पंजाबी आईबापांचा, न्यू मेक्सिको स्टेटमधून खेळलेला, सात फूट पाच इंच. भारतीय वंशाचा पहिला म्हणून इथल्या वर्तमानपत्रांनी मथळे केले.

तो एनबीएचे सामने खेळला तीन.

त्याच वर्षी पंजाबचा सतनामसिंग भामरा ड्राफ्टमध्ये ५२वा निवडला गेला. तो कॉलेजात गेलाच नव्हता. एनबीएचा एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. पुढे तो अमेरिकेत व्यावसायिक कुस्तीच्या रिंगणात उतरला. सात फूट उंचीच्या माणसांची ही गत असेल, तर सहा फुटी पोराला आपण काय सांगून विमानात बसवतोय?

बसवू नका, असं माझं म्हणणं नाही. खेळाच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेत शिकायला मिळणं ही लाखमोलाची गोष्ट आहे. भारतातून मुली अशा गेल्याही आहेत, कुणी ॲरिझोनात, कुणी आणखी कुठे. पुण्यानागपुरातली, मुंबईतली मुलंही जातील. फक्त सही करण्याआधी कोचला चार प्रश्न विचारा. दुखापत झाली तर शिष्यवृत्ती राहते का? सरावाच्या वेळेमुळे कोणते विषय घेता येणार नाहीत? पदवीधरांची टक्केवारी सांगताय त्यात मध्येच दुसरीकडे गेलेली मुलं धरली आहेत का? एनसीएएच्या हिशेबात चांगल्या गुणांनी बाहेर पडलेली मुलं वगळली जातात, म्हणून विचारा.

आणि चौथा. दहा वर्षांपूर्वीच्या तुमच्या संघातले सगळे खेळाडू आज काय करतात, ती यादी द्या. एनबीएत गेलेल्या एकाचा फोटो भिंतीवर असतोच, तो नको. उरलेल्यांची यादी हवी.

यादी मिळाली नाही तर सही करू नका.