ऐंशीटक्के काका

आमच्या सोसायटीत त्यांना आडनाव आहे, पण ते मेंटेनन्सच्या पावतीपुरतं. एरवी लहानथोर सगळे त्यांना ऐंशीटक्के काका म्हणतात. लॅपटॉपचं चार्जिंग ऐंशीच्या वर जाऊ द्यायचं नाही आणि विसाच्या खाली उतरू द्यायचं नाही, हे त्यांचं व्रत. एकादशी मोडेल, हे मोडायचं नाही. असे काका कोथरूडात आहेत, डोंबिवलीत आहेत, आणि मुलाकडे सहा महिने न्यू जर्सीला गेलेलेही आहेत.

२०१७ च्या दिवाळीत, बँकेतून निवृत्त झाल्यावर, त्यांनी लॅपटॉप घेतला. त्याच संध्याकाळी त्याच्या कीबोर्डवर सिलिकॉनचं पारदर्शक कव्हर चढलं. दुसऱ्या दिवशी बाजारातून वेगळा कीबोर्ड आणि माउस आला. "अंगचा कीबोर्ड बिघडला तर अख्खं मशीन उघडावं लागतं. बाहेरचा पाचशे रुपयांत नवा येतो," काका म्हणाले. यात चुकीचं काही नाही. काकांचं प्रत्येक म्हणणं सुटं घेतलं तर बरोबरच असतं. सगळी एकापुढे एक मांडली की मात्र ऐकणारा हळूच घड्याळ बघू लागतो.

पहिला पेच पडला वायरीचा. बिनवायरीचा माउस सुटसुटीत, पण त्याच्या पोटात सेल. "एकाची बॅटरी वाचवायला दुसऱ्याचा सेल जाळायचा?" म्हणून वायरवाला आला. मग त्यांच्या वाचनात आलं की वायरवाला माउस वीज लॅपटॉपकडूनच घेतो, आणि यूएसबी २.० चा पोर्ट पाच व्होल्टला अर्धा अँपिअर, म्हणजे अडीच वॉटपर्यंत वीज देऊ शकतो. माउस त्यातली चिमूटभरच घेतो, बॅटरी खरी खाते ती स्क्रीन, असं भाच्यानं समजावून पाहिलं. "थेंबे थेंबेच तळं आटतं," काका म्हणाले, आणि स्वतःचा अडॅप्टर असलेला यूएसबी हब घेऊन आले. आता या हबाला भिंतीतला प्लग लागतो. "अहो, भिंतीत प्लग आहेच तर लॅपटॉपच तिथं का नाही लावत?" असं काकूंनी एकदा विचारलं. त्या रात्री काका जेवताना बोलले नाहीत.

कीबोर्डची पिन खोचण्याचाही एक विधी आहे. आधी ती जात नाही. उलटी केली तरी जात नाही. पुन्हा सुलटी केली की जाते. यूएसबी घडवणाऱ्या इंटेलच्या चमूचे प्रमुख अजय भट्ट हे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेले. दोन्हीकडून जाणारी पिन केली असती तर वायरी आणि सर्किट दुप्पट लागून खर्च वाढला असता, असं त्यांनी पुढे सांगितलं. हे कळल्यापासून पिन अडली तरी काका चिडत नाहीत. खर्च वाचवणाऱ्या माणसाबद्दल त्यांना उपजत आदर आहे.

भाच्याचं स्क्रीनबद्दलचं बोलणं मात्र त्यांनी मनावर घेतलं आणि उजेड तळाला नेऊन ठेवला. त्यामुळे त्यांच्या लॅपटॉपवर काय चाललंय हे काकांसह कुणालाच दिसत नाही. मुंबईला मुलीकडे जाताना डेक्कन क्वीनमध्ये त्यांचा संसार थाटलेला बघावा. ट्रेवर लॅपटॉप, मांडीवर कीबोर्ड, आणि माउस शेजाऱ्याच्या पेपरच्या कडेवर. शेजाऱ्यानं पान उलटलं की काकांचा कर्सर एक्सेलच्या कोपऱ्यात जाऊन पडतो. सीटजवळ चार्जिंगची सोय आहे, पण "रेल्वेच्या विजेचा काय भरवसा?" गाडी खंडाळ्याच्या घाटात बोगद्यात शिरली की डब्यात अंधार होतो आणि काकांना पहिल्यांदा अक्षरं दिसतात. मुदत ठेवींचा सगळा हिशेब त्यांनी असा बोगद्याबोगद्यानं पुरा केला आहे.

सकाळी बागेत त्यांची गाठ बँकेतल्या एका जुन्या सहकाऱ्याशी पडते. ते "पूर्ण संपवा, मग पूर्ण भरा" या पंथाचे. निकेल-कॅडमियमच्या बॅटऱ्या होत्या तेव्हा ही शिकवण ठीक होती. अर्धवट वापरून पुन्हा भरत राहिलं की त्या तेवढंच काम लक्षात ठेवून बसायच्या. लिथियम-आयन बॅटरीला ही खोड नाही. तिला तळ गाठणं मानवत नाही, शंभरावर तासन्‌तास भरून राहणं सोसत नाही, आणि उष्णता तर मुळीच नको. सोनीनं ती १९९१ मध्ये बाजारात आणली आणि २०१९ मध्ये तिच्या तीन शिल्पकारांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यातल्या जॉन गुडइनफ यांना ते सत्त्याण्णवाव्या वर्षी मिळालं, हा काकांचा हुकमी पुरावा. "बघा, जपून वापरलं की माणूससुद्धा टिकतो!"

लॅपटॉपमध्येच ऐंशीला थांबायची सोय होती. भाच्यानं ती चालू करून दिली. तरी एकोणऐंशी झाले की काका हातातली पोळी टाकून उठतात. दर महिन्याला ते बॅटरी रिपोर्ट काढतात, छापतात आणि रक्तातल्या साखरेचा अहवाल बघावा तसा नाकावर चष्मा ओढून वाचतात. मूळ क्षमता किती, आज पूर्ण भरल्यावर किती, टक्के किती. मग कागद फाइलला लागतो. आठ वर्षांत आकडा चौऱ्याऐंशीवर आलाय. लिथियमची बॅटरी नुसती कपाटात ठेवली तरी वय होतंच, हे त्यांना ठाऊक आहे. पण त्या विषयावर ते बोलत नाहीत.

घाव बसला तो भलत्याच बाजूनं. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० चा आधार काढून घेतला. विंडोज ११ ला साधारण आठव्या पिढीपासून पुढचा इंटेल प्रोसेसर लागतो, काकांचा सातव्या पिढीतला. भाचा म्हणाला, "मामा, मशीन जुनं झालं." काकांनी फाइल आणून त्याच्यापुढे आपटली. "चौऱ्याऐंशी टक्के तब्येत आहे! वरच्या एका कळेला बोट लागलेलं नाही! आणि जुनं?"

शेवटी नवा लॅपटॉप आला. त्याला दोन टाइप-सी पोर्ट आणि बाकी काही नाही. कीबोर्ड, माउस, हब यांतलं काहीच थेट लागेना. काकांच्या चेहऱ्यावर त्यामुळे जे तेज आलं ते निवृत्तीनंतर कुणी पाहिलं नव्हतं. नवं कन्व्हर्टर शोधायला ते त्याच दुपारी बाहेर पडले.

जुन्या लॅपटॉपवर भाच्यानं लिनक्स मिंट घालून तो काकूंना दिला. काकूंनी आधी सिलिकॉनचं कव्हर काढून केराच्या डब्यात टाकलं, मग उजेड पूर्ण वाढवला, चार्जर लावला, ऐंशीची अट काढायला लावली आणि अंगच्याच कीबोर्डवर भिशीचा हिशेब लिहायला घेतला. चार्जर त्यांनी पुन्हा काढलाच नाही. काकांना झोप लागेना. महिना होताच काकू भाजीला गेलेल्या बघून त्यांनी भाच्याला बोलावलं आणि जुन्या मशीनची क्षमता तपासून घेतली. चौऱ्याऐंशीच होती.

तो रिपोर्ट त्यांनी छापला नाही.