सह्याद्रीतील साहससहल : जुईनगरच्या विशेष संदर्भासह

सरोवरे आणि डोंगर यांच्या सान्निध्यात शरीराला मुद्दाम शिणवून मनाला विसावा देण्याच्या उद्योगास साहससहल असे म्हणतात. हे कष्ट करणाऱ्याला पैसे मिळत नाहीत, उलट त्यालाच ते आगाऊ भरावे लागतात, हे या उद्योगाचे मजुरीपासूनचे व्यवच्छेदक लक्षण होय. इंग्लंडात या उद्योगाचे माहेरघर म्हणजे वायव्येकडील लेक डिस्ट्रिक्ट. तेथील सरोवरे हिमयुगात हिमनद्यांनी कोरलेली असून, त्याच प्रदेशातील स्काफेल पाइक हे इंग्लंडचे सर्वोच्च शिखर ९७८ मीटर उंच आहे. महाराष्ट्राची कळसूबाई १६४६ मीटरांवर उभी असल्यामुळे उंचीच्या बाबतीत मराठी माणसाने न्यूनगंड बाळगण्याचे कारण नाही. सरोवरांच्या बाबतीत मात्र प्रकरण नाजूक आहे, कारण सह्याद्रीच्या वाट्याला हिमनद्या आल्या नाहीत. पाटबंधारे खाते आले.

ज्या भंडारदऱ्याच्या जलाशयाकाठी निसर्गप्रेमी सद्गदित होतात, तो १९२६ साली पुऱ्या झालेल्या विल्सन धरणाने प्रवरेचे पाणी अडवल्यामुळे निर्माण झाला. लोणावळ्याच्या भुशी धरणाच्या पायऱ्यांवर पावसाळ्यात सहकुटुंब बसून भिजण्याची प्रथा आहे. परंतु १९ व्या शतकात रेल्वेने ते बांधले ते वाफेच्या इंजिनांची तहान भागावी म्हणून, आणि कणीस खाणाऱ्या पर्यटकांचा विचार त्या आराखड्यात कोठेही नव्हता. तात्पर्य, सह्याद्रीतील निसर्गरम्य तलाव पाहून जो उमाळा येतो, त्यातील निदान निम्मा स्थापत्य अभियंत्यांच्या खाती जमा व्हावयास हवा.

या पार्श्वभूमीवर जुईनगरचा अभ्यास उद्बोधक ठरतो. १९७० साली स्थापन झालेल्या सिडकोने आखलेल्या नवी मुंबईतील हे उपनगर सानपाडा आणि नेरूळ यांच्या मधोमध आहे. पूर्वेस औद्योगिक पट्ट्यापलीकडे पारसिकचे डोंगर दिसतात, आणि नळाला येणारे पाणी खालापूर तालुक्यातील मोरबे या महापालिकेच्या स्वतःच्या धरणातून येते. म्हणजे येथील रहिवासी डोंगर पाहत दात घासतो, जलाशयाच्या पाण्याने आंघोळ करतो आणि मग डोंगर व जलाशय पाहण्यासाठी शनिवारी सायन-पनवेल महामार्गावर पाठपिशवी घेऊन बसची वाट पाहत उभा राहतो. वरवर पाहता ही विसंगती वाटेल. पण सेक्टर, प्लॉट आणि विंग यांच्या क्रमांकांत वाढलेला माणूस जेव्हा निसर्गाकडे धावतो, तेव्हा त्याला असाच निसर्ग मानवतो, ज्याचा नकाशा कोणीतरी आधी मंजूर केलेला आहे.

पवना जलाशयाकाठचा तंबूवास हे याचे ठळक उदाहरण होय. तंबूवास म्हणजे घराच्या भिंतींचा हप्ता दरमहा भरणाऱ्याने एका रात्रीपुरते भिंतींशिवाय राहण्याचे वेगळे भाडे भरणे. हा वास ‘पॅकेज’ या स्वरूपात मिळतो. पॅकेज म्हणजे ज्यात उत्स्फूर्ततेचीही वेळ ठरलेली असते अशी व्यवस्था. दुपारी प्रवेश, मग चहा-भजी, सूर्यास्त, बार्बेक्यू, शेकोटी, गाणी, जेवण, आणि सकाळी पोहे खाऊन अकराच्या आत निर्गमन, हा क्रम सोसायटीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेपेक्षाही काटेकोरपणे पाळला जातो. आजूबाजूला लोहगड, विसापूर, तुंग आणि तिकोना हे चार किल्ले उभे असतात. त्यांपैकी लोहगडाला २०२५ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत स्थान मिळाले असले, तरी तंबूवासींच्या लेखी त्याचे मुख्य कार्य छायाचित्रात डोक्यामागे येणे हेच राहते. या सर्व व्यवहारात खरा जाणकार असतो तो यजमान. धरणात जमिनी गेलेल्या गावांतील काहींनी उरलेल्या काठावर तंबू ठोकले असून, पाण्याने जे नेले ते पाण्याच्या शोभेतून वसूल करण्याची त्यांची ही रीत अर्थशास्त्राच्या कोणत्याही ग्रंथाहून स्वच्छ आहे. उघड्यावर झोपण्यासाठी शहरातून माणसे पैसे घेऊन येतात, याचे आश्चर्य त्यांनी फार पूर्वीच आवरले आहे.

दुसरे उदाहरण कोलाडचे. तेथे कुंडलिका नदीत राफ्टिंग चालते. राफ्टिंग म्हणजे हवा भरलेल्या रबरी तराफ्यात बसून, वल्हे हाती घेऊन, नदी नेईल तिकडे स्वेच्छेने जात असल्याचा आभास निर्माण करणे. या नदीला उसळी येते ती टाटांच्या भिरा येथील जलविद्युत केंद्रामुळे: मुळा नदीचे जे पाणी एरवी पूर्वेला बंगालच्या उपसागराकडे गेले असते, ते मुळशीच्या धरणात अडवून घाटाखाली सोडले जाते, त्यावर वीज निर्माण होते आणि काम संपलेले पाणी कुंडलिकेत येते. त्यामुळे या खळाळत्या नदीलाही सकाळची पाळी असते, आणि तिच्या वेळेवर हजर राहणे साहसवीरांना भाग पडते. याच मुळशी धरणाविरुद्ध १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला होता. ज्या पाण्यापायी मावळ्यांनी तुरुंगवास पत्करला, त्याच्या उत्तरार्धात आज माणसे लाइफ जॅकेट घालून किंचाळण्याचे शुल्क भरतात. इतिहासाच्या विनोदबुद्धीविषयी शंका घेणाऱ्यांनी हे स्थळ अवश्य पाहावे.

भंडारदऱ्याच्या काजव्यांविषयी थोडक्यात सांगता येईल. मेअखेरीपासून पहिला पाऊस स्थिरावेपर्यंत काजव्यांचे नर अंधारात प्रकाशाच्या खुणांनी मादीला साद घालतात, आणि ही नाजूक सोयरीक पाहण्यासाठी शेकडो मोटारी हेडलाइट लावून अंधाराच्या शोधात येतात.

आता उरतो डोंगर. जुईनगरहून ठाणे, तेथून कसारा लोकल आणि पुढे जीपने बारी गाव अशी मजल मारून कळसूबाईच्या पायथ्याशी पोहोचणाऱ्याला पहाटेच्या अंधारात लोखंडी शिड्यांपाशी प्रथम भेटते ती रांग. रांगेत उभे राहण्याचा आजन्म सराव असल्याने येथवर तो डगमगत नाही. मागच्याला हळूच ढकलणे, पुढच्याला ‘जरा सरका’ म्हणणे, ही सारी नागरी विद्या उपयोगी पडते. परंतु शिडी संपते आणि दगड सुरू होतो, तेव्हा नियोजनाची हद्दही संपते. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचलेल्या लाव्ह्याचा हा काळा खडक कोणत्याही खात्याने मंजूर केलेला नाही, त्याची चढण कोणाच्या सोयीने ठरलेली नाही, आणि तक्रार नोंदवावी असे कार्यालय जवळपास नाही. सह्याद्रीच्या सहलीत खऱ्या अर्थाने जंगली म्हणावी अशी ही एकच वस्तू असून, पॅकेजमध्ये तिचा उल्लेख बहुधा ‘मध्यम श्रेणी’ एवढाच असतो.

शहरी माणसाने निसर्गाचेही शहर करून टाकले, अशी टीका नेहमी होते. ती पूर्णपणे खोटी नाही, परंतु तिच्यात डोंगराचा वाटा धरलेला नसतो. सोमवारी सकाळी जुईनगर स्थानकाच्या जिन्यावर कठडा धरून, एकेक पायरी आडवे पाऊल टाकत उतरणारी माणसे पाहिली म्हणजे हा वाटा मोजता येतो: खात्याने अडवलेल्या पाण्याची छायाचित्रे रविवारी रात्रीच पाठवून झालेली असतात, खात्याला न विचारता उभा राहिलेला दगड मात्र गुडघ्यांतून बुधवारपर्यंत उतरत नाही.