'डस्टप्रूफ' कॅरव्हान बांधून देणाऱ्या कारागिरास

महोदय,

रेवसच्या धक्क्याजवळ गाडी उभी करून हे पत्र लिहिते आहे. तुमच्या कारखान्याचं नाव यात घालत नाही. पावतीवर तुम्ही स्वतःच्या हातानं लिहिलेला शब्द मात्र घालते: 'डस्टप्रूफ'. हा शब्द कशाच्या भरवशावर लिहिलात हो? मागच्या बाकाखालचा खण ओढला, तर चमचे उचलल्यावर खाली चमच्यांच्या आकृत्या उरल्या. डाळ-तांदळाच्या डब्यांच्या आट्यांत धूळ आहे, गादीच्या चेनमध्ये आहे, आईच्या उशीवर तर अभ्र्याच्या आतसुद्धा आहे. आईला दमा आहे. गाडी बांधायला दिली तेव्हाच हे सांगितलं होतं. "ताई, काळजीच सोडा," असं तुम्ही म्हणालात. काळजी तुम्ही सोडलीत, हे आता कळलं.

मांडव्याचा फाटा मागे टाकून रेवसकडे निघालं, की रस्ता किती जागी रस्ता राहतो हे इकडचा कुणीही सांगेल. पावसानं उखडलेले खड्डे मुरूम आणि खडीच्या कचीनं भरतात. दिवाळी सरली की डंपरच्या चाकांखाली त्याचं पीठ होतं. त्यात खाजणातली वाळलेली माती मिसळते, आणि ती तर खाडीचा गाळ, आधीच बारीक. 2.5 मायक्रॉनहून बारीक कण नाकाघशात थांबत नाहीत, थेट फुप्फुसात खोलवर उतरतात. डोळ्याला दिसते त्या धुळीहून न दिसणारी जास्त वाईट, आणि नेमकी तीच फटीतून आधी शिरते.

पण फटी हा तुमचा पहिला गुन्हा नाही. पहिला गुन्हा टपावरचा पंखा.

डब्यासारखी चौकोनी गाडी पुढे जाते तेव्हा तिच्या पाठीमागे हवेचा दाब कमी होतो. चाकांनी उडवलेला धुरळा तिथे वळसा घेऊन मागच्या दारालाच येऊन भिडतो. एसटीच्या लाल डब्याच्या शेवटच्या बाकावर बसून कच्च्या रस्त्यानं गेलेल्या कुणालाही हे शिकवावं लागत नाही: पुढचे प्रवासी स्वच्छ आणि मागचे पांढऱ्या भुवयांचे. अशा वेळी गाडीच्या आतला दाब बाहेरच्यापेक्षा किंचित जास्त हवा, म्हणजे जी फट असेल तिच्यातून हवा बाहेर जाईल, धूळ आत येणार नाही. तुम्ही काय केलंत? आतली हवा बाहेर फेकणारा एक्झॉस्ट पंखा बसवलात, आणि तो इग्निशनला जोडलात. गाडी चालू की पंखा चालू. त्यानं बाहेर फेकलेली हवा कुठून तरी आत यायलाच हवी, आणि ती मागच्या दाराखालून, नळाच्या पाइपाभोवतीच्या भोकातून, फ्रिजच्या जाळीतून, धूळ घेऊनच येते. धूळ बाहेर ठेवायचे पैसे घेतलेत आणि धूळ ओढायचं यंत्र लावून दिलंत.

कच्च्या रस्त्यांवर कॅरव्हान चालवण्यात ऑस्ट्रेलियाच्या लोकांचा हात कुणी धरणार नाही. तिकडे टपावर, पुढच्या दिशेला तोंड करून, जाळी किंवा फिल्टर लावलेली झडप बसवतात. गाडी धावते, वारा झडपेतून आत घुसतो, डब्यात दाब राहतो. त्यासाठी वीजही लागत नाही. टप कापायला तुम्ही करवत चालवलीतच होतीत, तीच झडपेसाठी चालवली असती तर जास्तीचं कामही पडलं नसतं.

इथे येताना आम्ही पंख्याची वायर काढली, टपाचं झाकण बंद केलं, सगळ्या काचा चढवल्या, केबिन आणि मागचा भाग यांच्यामधलं सरकतं दार उघडं ठेवलं आणि पुढचा ब्लोअर बाहेरच्या हवेवर टाकून मोठा केला. डंपर समोर आला की तेवढ्यापुरता आतल्या हवेवर, आणि मागे राहून धुरळा बसू द्यायचा. दुपारी खारा वारा सुटला की धुरळा रस्त्याच्या एकाच अंगाला सरकतो, तेव्हा थोडं थांबलं तरी वाट मोकळी होते. एवढ्यानं मागच्या खणात फरक दिसला, आणि यात तुमच्या कारागिरीचा काडीचाही वाटा नाही.

आता फटींकडे येऊ. मागच्या दाराला तुम्ही रबराची बीडिंग लावायची ती स्पंजाची पट्टी चिकटवलीत. खाऱ्या हवेत ती पाणी पिते, दबते आणि दबलेलीच राहते. बीडिंग बसली की नाही हे पाहायला दोन मिनिटं लागतात: रबरावर खडू फिरवायचा, दार लावायचं, उघडायचं. चौकटीवर खडूची रेघ जिथे तुटली तिथे फट. किंवा रात्री एकानं आत बॅटरी घेऊन बसायचं आणि दुसऱ्यानं बाहेरून गाडीभोवती फिरायचं. आम्ही बॅटरी लावली तेव्हा दाराच्या खालच्या कडेला उजेडाची सलग रेघ दिसली. गाडीच्या तळातून वर येणाऱ्या पाइपाला त्याच्या दुप्पट भोक आणि भोवती मातीवरच थापलेलं सिलिकॉन. नखानं ओढलं तर सबंध चकती हातात आली. पुसून घेतल्याशिवाय सिलिकॉन धरत नाही, हे तुमच्या कारखान्यातल्या सगळ्यात नव्या पोरालाही ठाऊक असेल.

इथवरचं सगळं मी कदाचित दुरुस्तीला परत आणून मिटवलं असतं. पत्र खुलं झालं ते गॅसच्या कपाटामुळे.

सिलिंडरच्या कपाटाच्या तळाला एक भोक होतं, थेट गाडीखाली उघडणारं. मी तुम्हाला विचारलं होतं, इथून धूळ येणार का? पुढच्या वेळी गाडी हातात आली तेव्हा त्या भोकात पिवळट फोम फुगवून भरलेला होता, वर नीट तासलेला. धुळीचा बंदोबस्त झाला म्हणून तुम्ही तो बोट ठेवून दाखवलात. महोदय, एलपीजी हवेच्या दीडपट ते दुप्पट जड असतो. गळला तर वर जात नाही, तळाशी साचतो. ते भोक त्याला बाहेर काढण्यासाठीच असतं. तुम्ही ते बुजवलंत, आणि कपाटाच्या आतल्या बाजूचा, झोपायच्या जागेकडचा सांधा उघडाच ठेवलात. म्हणजे रात्री रेग्युलेटर सैल झाला असता, तर गॅस गाडीखाली न जाता आईच्या बाकाखाली गेला असता. वासानं जाग येईल म्हणाल? दम्याचं औषध घेऊन झोपलेल्या बाईच्या नाकावर तुम्ही चार माणसांचा जीव टाकणार का?

यावर उपाय अवघड नव्हता. कपाट आतल्या बाजूनं पूर्ण बंद करायचं, दाराला चांगली बीडिंग लावायची, आणि तळाचं भोक उघडं सोडायचं. मग धूळ आली तर सिलिंडरवर बसेल. बसू दे. सिलिंडर कुणी उशाला घेऊन झोपत नाही. फोम मी सुरीनं कापून काढला आहे. त्याचा तुकडा जपून ठेवला आहे.

महाराष्ट्रानं 2021 साली कॅरव्हान पर्यटनाचं धोरण आणलं. रेवसपासून रेडीपर्यंतच्या ज्या सागरी महामार्गाचं स्वप्न माजी मुख्यमंत्री अंतुलेसाहेबांनी पाहिलं, तो साधारण 500 किलोमीटरचा पट्टा आहे. धरमतर खाडीवर रेवस-करंजा पूल झाला की मुंबईकडच्या गाड्या इथूनच खाली कोकणात उतरतील. लोक जुन्या गाड्या घेऊन तुमच्यासारख्यांकडे येतील, आणि त्यातल्या बहुतेकांना गॅस जड असतो की हलका हे माहीत नसेल. त्यांना ते माहीत नसणं चालेल. तुम्हाला नाही चालणार.

पैसे परत मागत नाही. पंखा, बीडिंग, पाइपाची भोकं, सगळं मी दुसरीकडून करून घेईन. तुमच्याकडून एकच काम हवं आहे. आजवर ज्या ज्या गाड्यांत तुम्ही गॅसच्या कपाटाचं तळाचं भोक बुजवलंत, त्या मालकांचे नंबर तुमच्या वहीत असतील. वही काढा, एकेकाला फोन लावा आणि सांगा की भोक मोकळं करेपर्यंत सिलिंडर गाडीबाहेर ठेवा. उद्यावर टाकू नका. हे पत्र तुमच्या हातात पडेल तेव्हा त्यातलं कुणीतरी गाडीत चहा टाकत असेल.

तुमची एक ग्राहक,
रेवस