तर्री कुठंय?

तुमच्याही गल्लीत एक आप्पा असतीलच. आमचे आप्पा नाशिकरोडच्या नोट प्रेसमधून निवृत्त झाले आणि तेव्हापासून जगातलं सर्वश्रेष्ठ ढोलपथक उभं करताहेत. पथक लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर आहे. ताशावर झाकीर हुसेन. "अहो, ते तबला वाजवायचे," म्हटलं तर, "म्हणून तर! बोटं तयार आहेत, फक्त काड्या द्यायच्या." ते आता हयात नाहीत, ही आप्पांच्या लेखी किरकोळ बाब. पहिल्या ढोलावर शिवमणी. झांजेला साक्षात विष्णु दिगंबर पलुस्कर. कारण बुवांनी अखेरची वर्षं नाशकात, रामनाम आधाराश्रमात काढली. म्हणजे स्थानिक कोटा.

यादीपर्यंत ठीक होतं. पण नाशिक ढोल कशाला म्हणायचं, हे ठरवायचा मक्ताही गोदामाईनं आप्पांनाच दिलाय. ढोलाला एकीकडून टिपरू, दुसरीकडून थाप, हे कुणीही करतं म्हणे. कसोटी ताशाची. दोन काड्या अशा फिरल्या पाहिजेत की ठोके सुटे ऐकूच येऊ नयेत, तापल्या तव्यावर पाणी शिंपडल्यासारखी सलग तर्री उठली पाहिजे. ती क्षणभर तुटली की आप्पा ओरडतात, "तर्री कुठंय?" पुतणीच्या वरातीत, व्याह्यांच्या देखत ओरडले. गुढीपाडव्याला गोदाकाठच्या महावादनात ओरडले. तिथं सुदैवानं कुणाला ऐकू गेलं नाही. मिसळीच्या हॉटेलात हाच विषय तावातावानं मांडताना ओरडले, तर पोऱ्यानं लालभडक वाटी आणून पुढ्यात ठेवली. आप्पांनी ती संपवली, पण मान हलवत.

पुण्याच्या ढोलपथकांचं नाव काढायची सोय नाही. "ती कवायत झाली. पंधरा ऑगस्टला शोभते."

मध्यंतरी शेजाऱ्यांचा भाचा इंग्लंडहून आला होता. त्यानं मोबाइलवर 'स्का' लावलं. जमैकातलं, साठच्या दशकातलं संगीत. गिटारीचा फटका ठोक्यावर पडायचा सोडून दोन ठोक्यांच्या मधल्या फटीत पडतो आणि वरून ट्रॉम्बोन-सॅक्सोफोनची फौज. १९६४ साली जमलेल्या स्कॅटलाइट्स बँडचा डॉन ड्रमंड ट्रॉम्बोन वाजवत होता. आप्पा डोळे मिटून ऐकत राहिले. "गडी ठोका चुकवतोय, पण जाणूनबुजून चुकवतोय. बरा आहे. तर्री कुठंय?"

पोरगा बिचारा सांगत गेला. पुढं १९७९च्या सुमारास इंग्लंडातल्या कॉव्हेंट्रीच्या पोरांनी तोच प्रकार वेग वाढवून वाजवला. खरा स्का जमैकातल्या किंग्स्टनचा की कॉव्हेंट्रीचा, यावर अजून भांडणं होतात. आप्पा खाडकन उठून बसले. "म्हणजे त्यांच्याकडेही पुणं आहे!" त्या रात्री ड्रमंडसाहेब, १९६९ साली वारलेले, तुतारीच्या जागी पथकात दाखल झाले.

केरळ मात्र आप्पांच्या जिव्हारी लागलंय. तिकडं लग्नांत, उत्सवांत 'नासिक ढोल' नावानंच पथकं वाजतात, आणि पोरं नाचून नाचून घामाघूम होतात. "ज्यांच्या घरी चेंड्यासारखं वाद्य आहे, त्रिशूरच्या पूरमला शेकडो वादक ज्यांच्याकडं एका तालात उभे राहतात, त्यांनी आमच्या ढोलाला हात लावायचं काय अडलं होतं?" एवढं बोलून ते व्हिडिओ परत लावायला सांगतात. परत लावला की म्हणतात, "नाव तरी आपल्या गावाचं ठेवलं." आणि मग, अगदी खालच्या पट्टीत, "आपल्या मंडळानं डीजे सांगितलाय."

त्यांच्या या कटकटीनं मीही वैतागलो होतो. पण गेल्या विसर्जनाला वाकडी बारवेपासून मिरवणूक निघाली आणि मेनरोडला एका पोराचा ढोल ढिला पडला. जेमतेम तेरा-चौदा वर्षांचा, रडकुंडीला आलेला. पथक पुढं सरकलं होतं. आप्पा गुडघेदुखी विसरून रस्त्यात बसले, ढोल मांडीवर घेतला, दोरीचा एकेक पदर ओढत गेले. मधेच पानावर तळवा ठेवून ठोका घ्यायचे, कान लावायचे, परत ओढायचे. मग पोराच्या कमरेला पट्टा स्वतः बांधला. पोरगं पळत जाऊन रांगेत घुसलं. ताशे तापले होते, तर्री मधे एकदोनदा तुटलीही. आप्पा काही बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी नवी लग्नपत्रिका आली होती. मागच्या बाजूला पहिल्या ढोलावर लिहिलं होतं : 'निळ्या चपलेचा मुलगा, मेनरोड.' शिवमणींना अजून कळवलेलं नाही.